नव्या चित्राचें जुनेपण

पावसाळा संपतां संपतां एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीकडे पाहावें. चुन्याचे पोपडे निघालेले असतात. पागोळ्यांच्या खालीं काळसर ओघळ उतरलेले असतात. जोत्याजवळ शेवाळाची हिरवी किनार धरलेली असते. आणि वरचा रंग उडाल्यामुळें कोठें गेरूचा, कोठें निळीचा एखादा विसरलेला हात खालून डोकावत असतो. घराचा मालक ती भिंत पाहून गवंड्याची चौकशी करूं लागतो. चित्रकार मात्र तीच भिंत पाहून थबकतो. लिओनार्दो दा विंची यानें होतकरू चित्रकारांस डागाळलेल्या भिंती लक्षपूर्वक पाहण्याचा उपदेश केला होता. त्या डागांत डोंगर, नद्या, झाडी आणि लढायासुद्धां दिसूं लागतात, असें त्याचें म्हणणें होतें. आतां पांचशें वर्षांनंतर त्याच भिंतीला एक नवें गिऱ्हाईक मिळालें आहे. संगणकावर पुस्तकाचें मुखपृष्ठ, नाटकाची जाहिरात किंवा गाण्यांच्या संचाचें वेष्टन तयार करणारा आरेखक आपल्या चित्राच्या पाठीमागें मुद्दाम मळकट, खरवडलेली, झिजलेली अशी पार्श्वभूमि घालूं लागला आहे. ह्या तऱ्हेला ग्रंज असें नांव पडलें आहे. मळ, घाण, गबाळेपणा असा त्या शब्दाचा अर्थ.

ह्या नांवाचा इतिहास फार जुना नाहीं. अमेरिकेंतील सिॲटल शहरांत १९८० नंतरच्या दशकांत कर्कश गिटारींचें, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेलें एक संगीत उदयास आलें. १९९१ च्या सप्टेंबरांत निर्वाणा ह्या वाद्यवृंदाचा 'नेव्हरमाइंड' हा संच निघाला आणि तें संगीत जगभर पसरलें. त्याच सुमारास छापील पानावरही तसेंच बंड चालू होतें. डेव्हिड कार्सन यानें १९९२ पासून 'रे गन' ह्या संगीतविषयक मासिकाची मांडणी हातीं घेतली. त्यांत ओळी एकमेकींवर चढूं लागल्या, अक्षरें फुटूं लागलीं, कडा खरवडल्यासारख्या दिसूं लागल्या. १९९४ सालीं तर एका गायकाची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून त्यानें ती अक्षरांऐवजीं केवळ चिन्हांच्या टंकांत छापून टाकली. पुढल्याच वर्षीं 'सेव्हन' ह्या चित्रपटाची नामावली निघाली. काइल कूपर यानें केलेल्या त्या नामावलींतील अक्षरें हातानें ओरखडून काढलेलीं होतीं. म्हणजे ज्या काळांत संगणक प्रत्येक रेघ सरळ करूं लागला होता, त्याच काळांत मनुष्याचा हात ती रेघ पुन्हां वांकडी करण्यासाठीं धडपडत होता.

परंतु गंमत अशी कीं, हें वांकडेपण सर्वांच्या आवाक्यांत आणलें तेंही संगणकानेंच. थॉमस व जॉन नोल ह्या बंधूंनीं रचलेलें फोटोशॉप हें चित्रसंपादनाचें सॉफ्टवेअर अडोबी कंपनीनें १९९० च्या फेब्रुवारींत बाजारांत आणलें. १९९४ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत त्याला थरांची सोय मिळाली. एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे चित्राचे भाग निरनिराळे ठेवतां येऊं लागले. बर्कले येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस ह्या दोन विद्यार्थ्यांनीं १९९५ सालीं जगापुढें मांडलेलें गिंप हें सॉफ्टवेअर तर विनामूल्य मिळतें. आज ज्याच्यापाशीं साधा संगणक आहे त्याला नव्या चित्रावर शंभर वर्षांचा मळ चढवावयास पंधरा मिनिटें पुरतात. मात्र तो मळ खरा वाटेल कीं नाहीं, हा प्रश्न त्या पंधरा मिनिटांत सुटत नाहीं.

मुळांत असा मळ मनुष्याला हवा कां वाटतो? व्हिएन्ना येथील कलेतिहासकार आलोइस रीगल यानें १९०३ सालीं ह्या प्रश्नाचा विचार केला होता. जुन्या वास्तूचें ऐतिहासिक मोल निराळें आणि तिच्या जुनेपणाचें मोल निराळें, असा भेद त्यानें केला. इतिहास कळण्यास अभ्यास लागतो. परंतु झिजलेली पायरी पाहून काळ लोटल्याची जाणीव कोणालाही होते, त्याला शिक्षण लागत नाहीं. संगणकावरील चित्राला नेमकें हेंच मोल नाहीं. त्याच्यावर धूळ बसत नाहीं, त्याचा कोपरा दुमडत नाहीं, त्याची शंभरावी प्रत पहिलीसारखीच असते. अशा चित्रावर डोळा ठरत नाहीं; जेथें कोणी कधीं राहिलेलेंच नाहीं अशा घरांत शिरल्यासारखें वाटतें. त्या घरांत वावर झाल्याचा भास निर्माण करणें, हें ह्या पार्श्वभूमीचें काम होय.

येथेंच ह्या कलेचें मर्म आहे. खऱ्या जुनेपणांत एकही डाग निष्कारण नसतो. लोखंडी पत्र्यावरचा गंज आधीं खिळ्याच्या भोकाशीं आणि कापलेल्या कडेशीं धरतो, कारण तेथें वरचें लेपण तुटलेलें असतें. आणि पाणी खालीं वाहतें म्हणून त्याची तांबूस रेघ नेहमीं खालीं उतरते. हलक्या कागदांतील लिग्निन हें द्रव्य उजेडानें व हवेनें बदलतें, म्हणून वर्तमानपत्र पिवळें पडतें. आणि हवा कडेनें शिरते म्हणून पुस्तकाचीं पानें कडेला अधिक तपकिरी असतात. कागद घडीवर फाटतो. पोथीचें पान अंगठा लागतो तेथें मळतें. चित्रपटाची फीत यंत्रांतून वरून खालीं सरकते, म्हणून तिच्यावरचे ओरखडे पडद्यावर पावसाच्या सरींसारखे उभे दिसतात. त्यांच्या नकलेंत आडवा ओरखडा टाकणाऱ्यानें फीत कशी फिरते हें पाहिलेलेंच नसतें. बघणाऱ्याला हीं कारणें शब्दांत सांगतां येणार नाहींत. तरी जन्मभर भिंती, भांडीं आणि कागद हाताळलेल्या त्याच्या डोळ्याला तीं ठाऊक असतात. कारण नसलेला डाग त्याला लगेच खुपतो.

संगणकाची अडचण अशी कीं, त्याला कारण ठाऊक नसतें. त्याला फक्त यदृच्छा ठाऊक असते. ठिपक्यांचें मूल्य वाटेल तसें बदलावयास सांगितलें तर तो मूठभर रेती फेकल्यासारखें सर्वत्र सारखें रवाळपण पसरतो. ह्यावर एक मोठा तोडगा केन पर्लिन यानें काढला. १९८२ सालच्या 'ट्रॉन' ह्या चित्रपटाच्या कामावर असतां संगणकी चित्रांचा यांत्रिक गुळगुळीतपणा त्याला खटकला आणि त्यांतून त्यानें एक गणिती रीत शोधली. १९८५ सालीं ती प्रसिद्ध झाली आणि १९९७ मध्यें तिच्याबद्दल त्याला अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचें तांत्रिक पारितोषिक मिळालें. ह्या रीतींत एका ठिपक्याचें मूल्य शेजारच्याला धरून हळूहळू बदलतें. मग मोठ्या लाटेवर निम्म्या आकाराची व निम्म्या जोराची लाट, तिच्यावर आणखी निम्मी, अशी चढण केली म्हणजे ढगासारखा, ओल आलेल्या भिंतीसारखा पोत तयार होतो. फोटोशॉपमधील क्लाउड्स आणि गिंपमधील सॉलिड नॉइज हीं साधनें तत्त्वतः ह्याच जातीचीं आहेत.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं पाहणाऱ्यानें प्रथम चित्राचा आकार ठरवावा. छपाईसाठीं इंचास ३०० ठिपके हें रूढ प्रमाण आहे. त्या हिशेबानें ए-४ कागद २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारें ८७ लक्ष पिक्सेलांचा होतो. लहान चित्र करून मागाहून ताणल्यास त्यांतील कण फुगतात आणि सोंग उघडें पडतें. तळचा थर निव्वळ पांढरा ठेवूं नये. पांढऱ्याहून उजळ असें कांहीं नसल्यामुळें त्यावर उजळ ओरखडा उमटूंच शकत नाहीं. मातकट, राखी किंवा फिक्या तपकिरी अशा मधल्या छटेनें आरंभ करावा. तिच्यावर ढगांचा थर, त्यावर बारीक रव्याचा थर आणि त्यावर डाग व ओरखडे यांचा थर, असा क्रम ठेवावा. ओल आधीं येते, धूळ मागाहून बसते आणि ओरखडा सर्वांत शेवटीं पडतो. निसर्गाचाही क्रम बहुधा असाच असतो.

हे थर एकमेकांत कसे मिसळावेत ह्याचें गणित सोपें आहे. मल्टिप्लाय म्हणजे गुणाकार. पांढऱ्याला १ आणि काळ्याला ० धरलें तर मधल्या राखी रंगाचें मूल्य अर्धे. अर्ध्यास अर्ध्यानें गुणिलें म्हणजे पाव. म्हणून ह्या रीतीनें ठेवलेला थर खालच्याला काळवंडतो. त्यांतील पांढरा भाग मात्र कांहींच करीत नाहीं. मळ, काजळी व ओघळ यांस ही रीत योग्य. स्क्रीन ही ह्याच्या उलट. ती उजळ करते आणि काळ्या भागास निष्क्रिय ठेवते. उडालेला रंग, खरवडलेली कड व धुळीचे कण यांस ती उपयोगी पडते. ओव्हरले ही तिसरी रीत मधल्या राखी रंगाला जवळ जवळ सोडून देते, गडद तें अधिक गडद करते व उजळ तें अधिक उजळ; भिंतीचा खडबडीतपणा दाखवावयास ती बरी. ह्या तीन रीति समजल्या म्हणजे बाकीच्या वीसपंचवीसांची घाई करण्याचें कारण नाहीं.

गणितानें काढलेल्या पोतापेक्षां खऱ्या भिंतीचें छायाचित्र बहुधा सरस ठरतें, कारण त्यांत कारणें आयतींच आलेलीं असतात. महाराष्ट्रांत तर ह्या मालाला तोटा नाहीं. कोंकणांतल्या एका पावसाळ्यांत चिऱ्याच्या गडग्यावर, पत्र्याच्या छपरावर आणि बंदरांतल्या होडीच्या तळाशीं जें साठतें तें कोणत्याही सॉफ्टवेअरला साधणार नाहीं. असें छायाचित्र ढगाळ दिवशीं किंवा सावलींत, कॅमेरा भिंतीशीं समांतर धरून घ्यावें. तिरप्या उन्हांत प्रत्येक खळग्याला एका बाजूची सावली पडते, आणि दोन निरनिराळ्या दिशांच्या सावल्या एका चित्रांत आल्या कीं घोटाळा होतो. घेतलेल्या छायाचित्रांतील रंग काढून टाकावा, लेव्हल्स ह्या साधनानें काळें अधिक काळें व पांढरें अधिक पांढरें करावें आणि मग तें वर सांगितलेल्या रीतींनीं मिसळावें.

झीज दाखवावयाची ती रबरानें खोडून दाखवूं नये. त्यासाठीं मास्क हें साधन आहे. तो थरावर घातलेला पडदाच होय. पांढरा असेल तेथें थर दिसतो, काळा असेल तेथें झांकला जातो. त्याच भिंतीचें काळें-पांढरें छायाचित्र पडद्याच्या जागीं ठेवलें कीं अक्षरें जणूं भिंतीवर रंगवून कालांतरानें उडालीं आहेत, असें दिसूं लागतें. आणि मूळ अक्षरें खालीं जशींच्या तशीं शाबूत राहतात. खोडलेलें परत येत नाहीं, झांकलेलें परत येतें.

नवशिक्याच्या तीन चुका नेहमीं आढळतात. पहिली, एकच डाग दोन ठिकाणीं. निसर्ग एक डाग दोनदां पाडीत नाहीं. म्हणून ठसा उमटवणारा ब्रश प्रत्येक वेळीं फिरवावा, त्याचा आकार व जोर बदलावा. दुसरी, सर्वत्र सारखा मळ. कांहीं जागा शांत राहिल्याशिवाय बाकीच्या जागा जुन्या दिसत नाहींत. तिसरी, सांधा. पडद्यावर फरशीप्रमाणें पुन्हां पुन्हां मांडावयाचें चित्र असेल तर ऑफसेट ह्या साधनानें तें निम्म्या रुंदीनें व निम्म्या उंचीनें सरकवावें. म्हणजे कडांचा सांधा मधोमध येतो आणि शेजारचा पोत उचलून तो बुजवतां येतो.

देवनागरी लिहिणाऱ्यांस ह्यांखेरीज एक खास सावधगिरी बाळगावी लागते. इंग्रजींत ठिपका केवळ दोन लहान अक्षरांवर येतो, म्हणून धुळीचे चार कण इकडे तिकडे पडले तरी वाचणाऱ्याचें अडत नाहीं. देवनागरींत शिरोरेघेच्या वर पडलेला एक कण म्हणजे अनुस्वार! 'गज' असें लिहिलें आणि 'ग'वर धुळीचा ठिपका बसला कीं हत्तीचा 'गंज' होतो. उलट एक ओरखडा मात्रेवरून गेला तर 'मेळा' भरावयाच्या ठिकाणीं 'मळा' उरतो. परकी मासिकांतील मांडणी जशीच्या तशी उचलून तिच्यांत मराठी मजकूर ओतणाऱ्या जाहिराती दुर्वाच्य होतात, त्याचें हें एक कारण आहे. शिरोरेघेच्या वरची व अक्षरांच्या खालची पट्टी स्वच्छ ठेवावी. झीज दाखवावयाची ती अक्षराच्या जाड दांड्यांत दाखवावी. मजकूर व पार्श्वभूमि यांच्या उजळपणाचें प्रमाण किती असावें ह्याचेंही माप ठरलेलें आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनें २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या सुगमतेच्या नियमांत साध्या मजकुरास निदान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांस ३ ला १ असें प्रमाण सांगितलें आहे. खडबडीत पार्श्वभूमीवर तें प्रमाण जेथें फरक सर्वांत कमी पडतो तेथें मोजावें. वृद्ध वाचकाला आणि मंद दृष्टीच्या मनुष्याला जें वाचतां येत नाहीं तें कितीही सुंदर झिजलेलें असलें तरी फुकट होय.

शेवटीं एका गंभीर गोष्टीचा विचार करणें अवश्य आहे. जुनेपणाचा मनुष्याच्या मनावर पगडा असतो; पिवळ्या, डागाळलेल्या कागदावर तो सहज विश्वास ठेवतो. १९८३ च्या एप्रिलांत जर्मनींतील 'स्टर्न' ह्या साप्ताहिकानें हिटलरच्या रोजनिशा म्हणून कांहीं वह्या प्रसिद्धीस आणल्या. कोनराड कुयाऊ नांवाच्या इसमानें त्या स्वतः लिहिल्या होत्या आणि जुन्या दिसाव्यात म्हणून त्यांवर चहा ओतला होता. तज्ज्ञांनीं त्या खऱ्या मानल्या. परंतु त्या कागदांत महायुद्धानंतरच वापरांत आलेलें एक उजळद्रव्य सांपडलें आणि मे महिन्यांत तें बिंग फुटलें. कुयाऊचें कपट कागदानें पकडून दिलें. संगणकावरील चित्रांत असा साक्षीदार नसतो. तेथें चहाचा डाग आणि डागाचें चित्र हीं दोन्ही सारख्याच पिक्सेलांचीं असतात. द्रव्य नाहीं, म्हणून द्रव्याची परीक्षाही नाहीं. नाटकाच्या जाहिरातींत घातलेला मळ हा रंगभूमीवरच्या पडद्यासारखा आहे; पाहणाऱ्याला तो पडदा आहे हें ठाऊक असतें. तोच मळ एखाद्या पत्रावर, जमिनीच्या दस्तऐवजावर किंवा ऐतिहासिक म्हणून पुढें केलेल्या छायाचित्रावर चढवला कीं ती लबाडी होते. साधन तेंच, रीत तीच, फरक केवळ सांगण्याचा.

ह्याच साधनांचा उलट उपयोगही होत असतो, हें येथें ध्यानांत घेण्याजोगें आहे. १९६४ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या संग्रहांतील जुन्या चित्रपटांवरून ओरखडे व डाग पुसण्याचें काम संगणकावरच झालें आहे. एका टेबलावर खरा ओरखडा पुसला जातो आणि दुसऱ्या टेबलावर खोटा काढला जातो! दोघांनाही एकच विद्या लागते: हा डाग कशानें पडला असेल, हें ओळखण्याची. जीर्णोद्धार करणाऱ्याला ती न कळली तर तो डागाबरोबर चित्रही पुसून बसतो; आरेखकाला ती न कळली तर त्याचा मळ वरवरचा राहतो.

म्हणून ज्याला ही कला साधावयाची आहे त्यानें संगणक उघडण्यापूर्वीं थोडें हिंडावें. गंजलेल्या फाटकाजवळ, चिरलेल्या फरशीजवळ, चौकटीवर हात लागून लागून काळ्या झालेल्या लाकडाजवळ घटकाभर थांबावें. पाणी कोठून आलें, हात कोठें लागला, ऊन कोणत्या बाजूचें, हें विचारावें. मग आपल्या चित्रांत प्रत्येक डाग घालतांना तोच प्रश्न पुन्हां विचारावा, आणि उत्तर सांपडत नसेल तर तो डाग काढून टाकावा. काम संपल्यावर मूळ चित्र निराळें जपून ठेवावें आणि हें जुनेपण केलेलें आहे हें जेथें सांगावयास हवें तेथें सांगावें. इतकें पाळणाऱ्याच्या चित्रांत मळ थोडाच दिसेल. पण जेवढा दिसेल तेवढा खरा वाटेल.